कोळशाच्या मोटारीचा धक्का मिस्त्री

शहाद्याच्या मोटारस्टँडवर जाऊन अनीस मिस्त्रीचं घर विचारलंत, तर चार माणसं एकमेकांची तोंडं बघतील. धक्का मिस्त्रीचं घर विचारलंत, तर चौघंही उठून गल्ली दाखवतील. हे धक्का नाव त्या माणसाला मी दिलं. मी म्हणजे खापरच्या शाळेचा मास्तर. माझी जीभ तिखट आहे असं माझी बायको म्हणते, आणि बाकीचे लोक तिच्याइतके सभ्य नाहीत. कुणाला नाव ठेवायचं तर ते अंगाला चिकटलं पाहिजे, असा माझा हट्ट असे. हे असं चिकटलं की माणूस गेला तरी सुटलं नाही. अनीसला जाऊन आता वर्ष होत आलं. ज्या गोष्टीवरून मी त्याला ते नाव दिलं ती गोष्ट खरी काय होती, हे मला तो गेल्यावर चाळिसाव्या दिवशी कळलं. तेव्हापासून मला चैन नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

अनीसचा बाप शहाद्यात बैलगाड्यांच्या चाकांना लोखंडी धाव बसवायचा. पोराने काही दिवस कापसाच्या जिनात इंजिनावर काम केलं आणि तिथे तो मिस्त्री झाला. पुढे छगनलाल शेठनी शहादा ते खापर अशी मोटार सुरू केली, तेव्हा तिच्यावर ड्रायव्हर म्हणून अनीसच आला. उंच, सडसडीत माणूस. बोलणं थोडं, पण मिशी अशी की फौजदाराने हेवा करावा. मोटार बिघडली की तो आधी मिशीवरून हात फिरवायचा आणि मग इंजिनाचं झाकण उघडायचा. मी शनिवारी दुपारी खापरहून शहाद्याला घरी जायचो आणि सोमवारी सकाळी सातच्या मोटारीने तळोदा, अक्कलकुवा करत परत खापरला यायचो. त्यामुळे त्या मिशीचा आणि माझा आठवड्यातून दोनदा संबंध यायचा.

मग लढाई आली. ती चालली होती कुठे सातासमुद्रापलीकडे, पण पेट्रोल आटलं ते आमच्या शहाद्यात. कूपनांवर जे मिळायचं त्यात मोटार तळोद्यालाही पोचली नसती. बेचाळीस साली छगनलाल शेठनी सुरतेहून एक लोखंडी भट्टी आणली आणि मोटारीच्या पाठीला बसवली. पुरुषभर उंचीचा तो काळा पिंप बघून सगळं गाव हसलं. त्यात कोळसा भरायचा, खालून पेटवायचा, हाताने पंखा फिरवायचा. कोळशाचा गॅस तयार झाला की तो नळीने जाळीत, जाळीतून इंजिनात. मोटार कोळशावर चालते हे डोळ्यांनी बघूनही आमच्या शेजारच्या म्हातारीला पटलं नाही. ती म्हणायची, आत कुणीतरी स्वयंपाक करतंय.

या भट्टीने आम्हाला काय दिलं आणि आमचं काय नेलं, हे प्रामाणिकपणे सांगायचं तर दोन्ही बाजू सांगितल्या पाहिजेत. मोटार चालू राहिली, ही पहिली गोष्ट. टपाल आलं, आजारी माणसं दवाखान्यात पोचली, माझ्यासारखे मास्तर घरी पोचले. पूर्वी जळणाचा पैसा कुठल्या तरी परमुलुखात जायचा, तो आता सातपुड्याच्या पायथ्याशी कोळसा पाडणाऱ्या माणसांच्या घरात जाऊ लागला, ही दुसरी. पण ती मोटार म्हणजे दम्याचा रोगी. सपाटीवर कशीबशी पळायची, चढ दिसला की धापा टाकायची. सातला निघायचं तर पहाटेपासून पंखा फिरवा. काजळी तर इतकी की पांढरं धोतर नेसून बसलेला माणूस करडं धोतर नेसून उतरायचा. आणि त्या गॅसला धड वास नाही, रंग नाही. एकदा पावसात कंडक्टर भाईदासने पत्र्याच्या बंद शेडमध्ये भट्टी पेटवली आणि पंखा फिरवता फिरवता आडवा झाला. अनीसने त्याला पायाला धरून बाहेर ओढलं. स्टँडवरच्या साऱ्या शहाण्यांनी ताक पाजा, कांदा हुंगवा असे उपाय सांगितले, पण तो वाचला तो बाहेरच्या हवेने. त्यानंतर अनीसने कितीही पाऊस असला तरी भट्टी उघड्यावरच पेटवली आणि तिच्याजवळ स्वतःखेरीज कुणाला फिरकू दिलं नाही.

अशा मोटारींना चढावर धक्का द्यावाच लागायचा. धुळ्याकडच्या मोटारींचे उतारू तर तिकीट काढतानाच अस्तन्या वर करायचे. आमच्या रस्त्यावर तळोदा सोडल्यावर एक नाला होता आणि नाल्यातून वर येणारा अंगावर येणारा चढ. पायथ्याशी म्हसोबाचा दगड, म्हणून म्हसोबाचा चढ. तिथे मात्र अनीसची मोटार कधी थांबली नाही. रखडायची, कण्हायची, पण चढायची. कारण त्याची तयारी. एकूण एक कोळसा सुपारीएवढा फोडलेला, उन्हात वाळवलेला आणि चाळलेला. दर रविवारी दुपारी त्याच्या अंगणात तो कोळसा फोडायचा आणि त्याची बायको शहाबानो चाळण धरायची. भुकटीचा कण भट्टीत गेला तर जाळी तुंबते, हे तो कुराणातल्या शब्दासारखं सांगायचा. एकदा स्टँडवर कुणीतरी डिवचलं तेव्हा तो सगळ्यांसमोर बोलून गेला, "मन्ही मोटारले उतारूना धक्का लागना ना, तर मी हाई मिशी उतारी टाकसू." मी ते लक्षात ठेवलं. अशा गोष्टी माझ्या लक्षात राहतात.

कोळसा यायचा अक्कलकुव्याच्या वरच्या अंगाला असलेल्या खडकीपाड्यातून. तिथला आमशा हा भिल्ल माणूस तो पाडायचा. वाळलेली, पडलेली लाकडं रचायची, वरून पाला आणि माती लिंपायची आणि आत चार-पाच दिवस धुमसत ठेवायची. अनीस आणि आमशा यांची दोस्ती त्या पोत्यांवरूनच जमली. अनीस पोतं उघडून एक कोळसा उचलायचा आणि मोटारीच्या पत्र्यावर आपटायचा. टणटण वाजला की मान हलवायचा, बद्द वाजला की आमशाकडे नुसतं बघायचा. आमशा पुढच्या वेळी चांगला कोळसा आणायचा.

त्रेचाळीसच्या वैशाखात एक मोठं वादळ झालं आणि आमशाच्या घराजवळचं मोहाचं एक जुनं, अर्धं वाळलेलं झाड पडलं. उभ्या मोहाला तिथे कुणी कुऱ्हाड लावत नाही, पण हे देवानेच पाडलेलं. आमशाने त्याचा कोळसा केला. तो कोळसा पत्र्यावर आपटला तर घंटेसारखा वाजला. त्या दिवशी मोटार म्हसोबाचा चढ अशी चढली की आम्ही उतारूंनी एकमेकांकडे बघितलं. पेट्रोलच्या दिवसांत चढायची तशी. दोन दिवसांनी छगनलाल शेठ आणि आमशा दोघंही खापरच्या स्टँडवर होते, आणि अनीस, जो एरवी चार शब्दांवर पाचवा बोलत नसे, तो खुशीत येऊन बोलला.

"शेठजी, हाऊ कोळसा रोज भेटना, तर मी म्हसोबाले वरतून रामराम करसू!"

"कसाना कोळसा शे?" शेठनी विचारलं.

"मोहना," आमशा भोळेपणाने म्हणाला. "वावधनमा पडना व्हता."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. छगनलाल शेठ वाईट माणूस नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवतो. बाप मारवाडातून आलेला, घरचं धान्याचं दुकान, पण जीव मोटारीवर. दुकानात गिऱ्हाईक उभं असलं तरी मोटारीचा भोंगा ऐकला की तो ओट्यावर येऊन बघायचा. त्याच्यापुढे प्रश्न होता पावसाळ्याचा. पावसात कोळसा पाडता येत नाही, म्हणजे चार महिन्यांचा साठा ज्येष्ठातच करायचा. त्याने चौकशी केली. खडकीपाड्याला मोहाची चाळीस उभी झाडं. अक्कलकुव्याला संस्थानी कारभाऱ्याची सही झाली की तोडायला मोकळं. नमुन्याला म्हणून एक झाड सहीआधीच पाडलं गेलं आणि त्याचा कोळसाही तयार झाला. आमशाने नाही म्हणून बघितलं, पण त्याच्याकडे झाडांच्या मालकीचा कागद नव्हता. डोंगरात कुणाकडेच नसतो.

त्याच सुमाराला एका दुपारी मी शाळेच्या ओट्यावरून पाहिलं होतं की खापरच्या स्टँडवर एक डोंगरातली बाई अनीसशी भांडते आहे आणि तो खाली मान घालून उभा आहे. मी मनात म्हटलं, भाडं न देता बसली असेल. ती आमशाची बायको फुलवंताबाई होती, आणि ती काय बोलत होती ते मला पुढे आमशाने सांगितलं.

खडकीपाड्यात भावाभावांत जमीन वाटतात तशी मोहाची झाडंही वाटतात. कुठलं झाड कुणाच्या वाट्याचं हे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. चैत्रात ज्याचं झाड त्याने त्याखालची फुलं वेचायची. ती वाळवून ठेवली की घरातलं धान्य संपल्यावर त्यांच्यावर दिवस निघतात. आषाढाच्या सुमाराला बिया निघतात, त्यांचं तेल. लढाईमुळे घासलेटही मिळेनासं झालं होतं. आमच्या खापरच्या दुकानदाराच्या घरी अंधार असायचा, पण खडकीपाड्यात त्या तेलाचा दिवा होता. तोडलेलं झाड आमशाच्या भावाच्या वाट्याचं होतं. राहिलेल्या एकोणचाळिसांवर अख्खा पाडा जगत होता.

"तुन्ही मोटार एक झाड कितला दिनमा खास?" फुलवंताबाईने विचारलं.

अनीसने मनाशी हिशेब केला. एका खेपेला एक पोतं, जाऊन येऊन दोन. एका झाडाची पोती पंधरा-सोळा. "आठ दिन," तो म्हणाला.

"मन्हा आजासासरानी त्यानी फुलं खादी. मन्हा सासरानी खादी. आम्हीन खाई ऱ्हायनूत. तुन्ही मोटार तेले आठ दिनमा खाई जाई. मंग आम्हीन काय खावानं? तूच सांग. तूच सांगेल व्हतं ना, हाऊ कोळसा बेस शे म्हनीसन?"

बाई खरं बोलत होती. त्याच संध्याकाळी तो छगनलाल शेठकडे गेला आणि झाडं सोडा म्हणाला. शेठ चिडले नाहीत. त्यांनी त्याला ओट्यावर बसवलं आणि विचारलं, मग कोळसा कुठून आणू? हलक्या लाकडाच्या कोळशाने मोटार चढ चढते का, हे तूच सांग. मोटार बंद पडली तर टपाल, आजारी माणसं, तू, भाईदास, सगळे बसाल. झाड काय, परत उगतं.

"मोहले फुलं येवाले पंधरा-वीस वरीस लागतस, शेठजी."

"तवलोंग लढाई संपी जाई," शेठ म्हणाले. "सोमवारले मी सोता मोटारमा येस. तोडेल झाडना कोळसा भर. म्हसोबाना चढ बेस चढनी, तर तठेच अक्कलकुवाले सही करी टाकसू."

आता ऐका. मोटार सोमवारी चढली तर एकोणचाळीस झाडं जाणार होती, आणि अनीसने नेहमीसारखं काम केलं असतं तर ती चढणारच होती. त्या कोळशात काही खोट नव्हती.

रविवारी दुपारी शहाबानो चाळण घेऊन अंगणात आली. अनीस पोत्यांजवळ नुसता बसला होता.

"आज छानना नहीं?" तिने विचारलं.

"रहने दे."

भट्टी आल्यापासून असं कधी झालं नव्हतं. तिने चाळण खाली ठेवली आणि समोर बसली. त्याने तिला सगळं सांगितलं. तिने दोनच गोष्टी विचारल्या. नोकरी गेली तर? तो म्हणाला, कोळशावर मोटार चालवणारा दुसरा माणूस शेठना या मुलखात मिळायचा नाही. मग तिने विचारलं, "और मूँछ?" कारण पैज तिच्याही कानावर आली होती.

"मूँछ आठ दिन में उगती है," अनीस म्हणाला.

त्याने पोती न चाळता तशीच ठेवली. जाळीचं फडकं धुतलं नाही. वर पायाने काही कोळसे चुरडून त्यात भुकटी वाढवली. ज्या हातांनी वर्षभर एकेक खडा निवडला त्या हातांना ते कसं जमलं असेल, मला माहीत नाही. शहाबानो पुढे मला म्हणाली की त्या रात्री तो जेवला नाही.

सोमवारी सातला मोटार निघाली. शेठ पुढे अनीसच्या शेजारी, शर्टाच्या खिशात सहीचा कागद. मी मागे, नुकत्याच धुतलेल्या धोतरात, आणि आणखी पंधरा-सोळा उतारू. तळोद्यापर्यंत ठीक चाललं. म्हसोबाच्या पायथ्याशी सगळ्यांनी सवयीने हात जोडले. मोटार चढाला लागली, अर्ध्यात आली, दोनदा खोकली आणि थांबली. मग हळूच मागे सरू लागली. भाईदासने उडी मारून चाकाला दगड लावला.

मग आम्ही सगळे खाली उतरलो. अनीसने स्टेअरिंग धरलं आणि मान खाली घालून म्हणाला, "लावा भाऊ, धक्का लावा."

लोकांनी पाठ लावली. भट्टीची काजळी हातांना, तोंडांना, पागोट्यांना. शेठसुद्धा कोट काढून ढकलत होते. मी धोतर सांभाळत एक हात पत्र्याला टेकवला आणि तोंड मोकळं सोडलं. "कोळसा उगाळावा तितका काळाच! काय मिस्त्री, मिशीवाले मिस्त्री! आजपासून तुमचं नाव धक्का मिस्त्री!" सगळे हसले. ढकलता ढकलता हसले, त्यामुळे मोटार पुन्हा दोन हात मागे आली. त्यावर आणखी हसले.

वर पोचल्यावर शेठनी जाळी उघडायला लावली. आत काळा चिखल. "त्या दिन तर चढनी व्हती!" ते ओरडले.

"तो वाळेल झाडना कोळसा व्हता, शेठजी. हाऊ हिरवा झाडना शे. मोहमा तेल ऱ्हास, ते जाळीले चिकटस," अनीस म्हणाला. आवाज अगदी शांत. तो माणूस खोटं बोलत नाही हे सगळ्या रस्त्याला माहीत होतं, म्हणून कुणाला संशय आला नाही. परतीच्या खेपेला मोटार पुन्हा बंद पडली. बुधवारी पुन्हा. सोमवारी अक्कलकुव्याला शेठ उतरले होते, पण नुसता चहा प्यायले आणि कागद खिशात तसाच घेऊन परत आले. मोहाचा कोळसा मोटारीला चालत नाही, हे त्यांनी स्वतःच सगळ्यांना सांगितलं. इतर मोटारवाल्यांनीही मग त्या झाडांकडे बघितलं नाही.

मंगळवारी सकाळी अनीस स्टँडवर आला तो ओठ साफ करून. कुणी त्याला पैजेची आठवण करून दिली नव्हती. मिशीवाचून त्याचं तोंड एकदम लहान दिसत होतं, असं भाईदास मला म्हणाला, आणि मी ते ऐकून हसलो. धक्का मिस्त्री हे नाव आठवडाभरात शहाद्यापासून खापरपर्यंत पोचलं. पोरंटोरं मोटारीमागे "धक्का, धक्का" ओरडत धावायची. मिशी पुन्हा आली, पण तिच्यावरून हात फिरवायची सवय त्याने सोडली.

पावसाळ्यासाठी शेठनी शहाद्याकडच्या शेतांच्या बांधांवरच्या बाभळीच्या छाटलेल्या फांद्या घेतल्या आणि जोडीला कपाशीच्या पऱ्हाट्यांचा कोळसा पाडून घेतला. पऱ्हाटी दर वर्षी निघतेच, त्यासाठी कुणाचं झाड जात नाही. पण तिचा कोळसा हलका आणि ठिसूळ. निम्म्याची भुकटी व्हायची. अनीसला आता एकदाऐवजी तीनदा चाळायला लागायचं, वाटेत दोनदा जाळी धुवायला लागायची. आणि मोटार? मोटार त्या पऱ्हाटीच्या कोळशावर म्हसोबाचा चढ चढली. रखडत, कण्हत, पण धक्क्याशिवाय. पुढची दोन वर्षं एकदाही थांबली नाही. हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं, आणि तरी त्याला धक्का मिस्त्रीच म्हणत राहिलो. जी मोटार पऱ्हाटीवर चढते ती मोहावर का चढली नाही, एवढा साधा प्रश्न पोरांना त्रैराशिक शिकवणाऱ्या माझ्या डोक्यात आला नाही.

लढाई संपली, पेट्रोल आलं. गरज सरो वैद्य मरो या न्यायाने भट्टी काढून टाकली. शेठनी ती अनीसलाच दिली. शहाबानोने तिच्यात कोंबड्या ठेवल्या. छगनलाल शेठ त्याच वर्षी वारले, म्हणून आज मी हे मोकळेपणी लिहू शकतो. अनीसला पेट्रोलची मोटार दोन वर्षंच चालवायला मिळाली. त्या भुकटीने त्याची छाती भरली होती. खोकला आधी सकाळचा होता, मग दिवसभराचा झाला. अठ्ठेचाळीसच्या थंडीत तो गेला. वय पन्नासही नसेल.

त्याच्या चाळिसाव्याला रविवार होता. जेवणाला मलाही बोलावलं होतं, म्हणून मी स्टँडवरून चाललो होतो. तिथे एक डोंगरातला म्हातारा हातात पत्र्याचा डबा घेऊन प्रत्येकाला विचारत होता, "अनीस मिस्त्रीनं घर कोठे शे?" आणि कुणाला सांगता येत नव्हतं. मी म्हटलं, चल, मी तिकडेच चाललो आहे.

तो आमशा होता. वाटेत त्याने मला सगळं सांगितलं; भुकटीची गोष्ट अनीसने त्याला त्याच आठवड्यात सांगितली होती. झाडं वाचल्यावर पाड्याने बैठक घेतली होती आणि तोडलेल्या झाडाच्या खुंटाशेजारचा मोह अनीसच्या वाट्याचा केला होता. भावांत वाटतात तसा. अनीस दारू पीत नव्हता, फुलांचं त्याला काही करता येत नव्हतं, म्हणून आमशा दर वर्षी त्या झाडाच्या बियांचं तेल काढून खापरच्या स्टँडवर त्याच्या हातात द्यायचा. या वर्षी स्टँडवर दुसराच ड्रायव्हर दिसला, तेव्हा बातमी कळली. तो डबा घेऊन पहिल्यांदाच शहाद्याला आला होता.

"लोके तेले धक्का काबर म्हनतस?" त्याने मला विचारलं. स्टँडवर कुणीतरी ते नाव घेतलेलं त्याने ऐकलं होतं.

मी सांगितलं. काय झालं, कुठे झालं, नाव कुणी पाडलं, सगळं सांगितलं. लपवण्यासारखं माझ्याकडे आता काही राहिलं नव्हतं. बोलताना मला माझीच भयंकर लाज वाटली. आम्ही अनीसच्या दारात पोचलो.

शहाबानोने डबा बघितला आणि लगेच ओळखला. "हर साल इसी का दिया जलता है," ती म्हणाली. आमशा तिला म्हणाला की यापुढेही येईल, झाड मिस्त्रीच्या नावाचं आहे आणि माणूस गेला म्हणून वाटा जात नाही. ती पदराने डोळे पुसत आत जायला निघाली, तोच त्याने तिला थांबवलं आणि माझ्याकडे बोट केलं.

"एक शिशी आन, बाई. हाऊ मास्तरबी व्हता त्या दिन. तू ढकली ना मोटार, मास्तर?"

"हात टेकवला होता," मी म्हणालो. "जोर सगळा जिभेत होता."

"हात लागना व्हता ना?" तो म्हणाला. "मंग तुन्हाबी वाटा शे."

त्याने स्वतःच्या हाताने शिशी भरली. मला नको म्हणता आलं नाही. जेवण झाल्यावर ती पिवळं तेल भरलेली शिशी धरून मी स्टँडवरून परत निघालो. बाकावर बसलेल्यांपैकी एकाने हाक मारली, "मास्तर, कोनाकडे गयथात?"

"अनीस मिस्त्रीकडे," मी म्हणालो.

"कोन अनीस मिस्त्री?"

धक्का म्हटलं असतं तर लगेच कळलं असतं. मी त्याच्याजवळ बाकावर बसलो आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.